थांबा : घोड्यापासून विजेच्या मोटारीपर्यंत

प्रवासाचा इतिहास लिहिणारे लेखक बहुधा वाहनांचा इतिहास लिहितात. घोडा, बैलगाडी, टांगा, आगगाडी, मोटार अशी ती ओळ असते आणि प्रत्येक वाहनाचा वेग आधीच्या वाहनाहून किती अधिक, हे त्यात कौतुकाने सांगितलेले असते. वाहनाला दाणापाणी देणाऱ्या थांब्याचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहीत नाही. वास्तविक कोणत्याही वाहनाचे भवितव्य त्याच्या वेगापेक्षा त्याच्या थांब्यांवर अधिक अवलंबून असते. घोड्याला पाणी व हरभरा कोठे मिळेल, इंजिनाला कोळसा कोठे मिळेल, मोटारीला पेट्रोल कोठे मिळेल, या प्रश्नांची उत्तरे जेथे मिळाली तेथे गावे वसली, बाजार भरले, देवळे-चर्चे उभी राहिली. आणि जेथे ती मिळाली नाहीत तेथे उत्तम वाहनेही निरुपयोगी ठरली.

आज विजेवर चालणारी मोटार आपल्या दाराशी आली आहे. ‘ती एकदा चार्ज केली की किती किलोमीटर जाते?’ हा प्रश्न मला धर्मग्रामातील लग्नघरांत, चहाच्या टपरीवर, मिस्सा संपल्यानंतर चर्चच्या पायऱ्यांवरही ऐकू येतो. माझ्या मते या प्रश्नामागे दुसरा, अधिक जुना प्रश्न दडलेला आहे : वाटेत थांबलो तर आपल्याला कोण काय देईल, आणि जो देईल त्याचे आपण काय देणे लागतो? शिरूर आणि दौंड या पुणे जिल्ह्यातील दोन गावांचा इतिहास म्हणजे या प्रश्नाचाच इतिहास आहे.

शिरूर प्रथम घेऊ. घोड नदीच्या काठी असल्यामुळे जुनी माणसे या गावाला अजूनही घोडनदी म्हणतात. पुण्याहून अहमदनगरकडे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरकडे, जाणाऱ्या रस्त्याच्या साधारण मध्यावर हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी येथे लष्करी छावणी ठेवली ती या स्थानामुळेच : पुणे जवळ, नगर जवळ, नदीचे पाणी हाताशी, आणि घोड्यांना चारा. १८०९ मध्ये येथे मरण पावलेल्या कर्नल वॉलेस या इंग्रज अधिकाऱ्याच्या थडग्याला आसपासचे लोक ‘सत्पुरुष’ म्हणून नवस करू लागले, अशी नोंद जुन्या गॅझेटिअरमध्ये आहे. परक्या सैन्याचा थांबाही काळाच्या ओघात गावाचा होऊन जातो, याचे ते एक नमुनेदार उदाहरण होय.

याच छावणीतून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली सुमारे आठशे सैनिक पुण्याच्या दिशेने निघाले. रात्रभर चालून, सुमारे सत्तावीस मैल काटून, ते १ जानेवारी १८१८ च्या सकाळी कोरेगाव भीमा येथे पोहोचले. त्यानंतर काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे. त्या रणाची स्मृती जागवण्यासाठी दरवर्षी लाखो लोक तेथील जयस्तंभापाशी येतात. या लेखापुरती मी त्यातील एकच गोष्ट उचलतो. रात्रभर चाललेल्या त्या सैनिकांना दिवसभर पाणी मिळाले नाही. भीमा नदी डोळ्यांसमोर वाहत होती, परंतु तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट बंद होती. रात्री लढाई थंडावल्यावर त्यांच्या ओठांना पाणी लागले. डोळ्यांना दिसणारे पाणी आणि ओंजळीत येणारे पाणी यांत केवढे अंतर असते, हे त्या दिवसाने दाखविले. विजेच्या तारा डोक्यावरून जात असताना वीज न मिळण्याचा अनुभव ज्याने घेतला आहे, त्याला हे अंतर वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आता दौंडकडे वळू. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी १८५८ मध्ये पुण्याहून दौंडमार्गे दिकसाळपर्यंत धावू लागली, आणि १८७८ मध्ये दौंड–मनमाड मार्ग पूर्ण झाला. त्या दिवसापासून दौंड हे जंक्शन झाले. वाफेचे इंजिन फार तहानलेले असते. काही मैल गेले की त्याला पाणी हवे, कोळसा हवा, राख काढायला हवी, आणि दमलेल्या ड्रायव्हर-फायरमनला विश्रांती हवी. या सर्व गरजांतून रेल्वे वसाहत उभी राहते; त्या वसाहतीत गोव्याचे, मद्रासकडचे, अँग्लो-इंडियन आणि मराठी कुटुंबे शेजारी शेजारी राहू लागतात; आणि मग रविवारच्या मिस्सेसाठी धर्मगुरूंनाही त्याच गाडीने यावे लागते. दख्खनमधील अनेक लहान कॅथलिक समाज असे इंजिनाच्या तहानेतून जन्माला आले आहेत. आमच्यातील एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याचे वडील फायरमन होते. इंजिन पाणी पीत असे तेवढ्या वेळातच आपला चहा व्हायचा, असे ते सांगत. थांबा हा असा माणूस आणि यंत्र या दोघांचाही असतो.

यापुढचा भाग मला विशेष बोलका वाटतो. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी विजेची पहिली आगगाडी धावली. सह्याद्रीचा बोरघाट चढताना वाफेच्या इंजिनांची दमछाक होत असे, म्हणून कल्याणहून पुण्यापर्यंत तारा टाकण्यात आल्या आणि १९२९ मध्ये विजेची इंजिने पुण्यात पोहोचली. १ जून १९३० रोजी दख्खनची राणी धावली तीही विजेवरच. टाटांनी खोपोलीला १९१५ मध्ये सुरू केलेले जलविद्युत केंद्र आणि रेल्वेचे ठाकुर्लीचे स्वतःचे वीजघर यांमुळे विजेचे युग पश्चिम महाराष्ट्रात किती लवकर उगवले, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्या तारा पुणे स्थानकापुढे गेल्या नाहीत. पुण्याला विजेचे इंजिन सुटायचे आणि पुढच्या प्रवासाला वाफेचे, नंतरच्या काळात डिझेलचे इंजिन लागायचे. पुणे ते दौंड हे अंतर लोहमार्गाने अवघे पाऊणशे किलोमीटर. तेवढे अंतर ओलांडायला तारांना या शतकाचे दुसरे दशक उजाडावे लागले. म्हणजे ऐंशी वर्षांहून अधिक काळ! मध्ये नदीनाल्यांचे अडथळे नव्हते, घाट नव्हता, यंत्रविद्येची अडचण नव्हती. ‘पुढे तार नेणे परवडत नाही’ हा निर्णय तेवढा होता. थांबा कोठे असावा आणि कोठे नसावा, हे निसर्ग क्वचितच ठरवतो. ते माणसे ठरवतात.

एवढी प्रस्तावना झाल्यावर विजेच्या मोटारीकडे येतो. ही मोटार अगदी नवी आहे, असा एक समज आहे. खरे पाहता ती पेट्रोलच्या मोटारीहून वयाने मोठी आहे, आणि आपल्या वाचकांना हे सांगताना मला थोडा आनंद होतो की तिच्या पाळण्याशी दोन कॅथलिक धर्मगुरू उभे होते. हंगेरीतील बेनेडिक्टाइन संघाचे फादर आन्योश येडलिक (१८००–१८९५) यांनी विजेच्या चुंबकांवर फिरणारे यंत्र तयार केले आणि १८२८ मध्ये ते एका चिमुकल्या गाडीवर बसवून ती गाडी चालविली. आयर्लंडमधील मेनूथच्या सेमिनरीत शिकविणारे फादर निकोलस कॅलन (१७९९–१८६४) यांनी १८३६ मध्ये इंडक्शन कॉइल शोधून काढली. स्वस्त ओतीव लोखंड वापरून त्यांनी मोठ्या बॅटऱ्या बांधल्या, आणि बॅटरीच्या बळावर आगगाडी ओढता येईल असे स्वप्नही पाहिले. त्यांच्या प्रयोगांत सेमिनरीतील विद्यार्थ्यांना विजेचे जबर झटके बसत, अशा गोष्टी त्या संस्थेत पुढे वर्षानुवर्षे सांगितल्या गेल्या. सेमिनरीत शिकलेल्या कोणालाही त्या वाचताना हसू आल्यावाचून राहणार नाही.

या दोघांच्या बॅटऱ्यांत मात्र एक मूलभूत उणीव होती : त्या पुन्हा भरता येत नसत. त्यातील जस्त हळूहळू झिजून संपे, जसा चुलीतील कोळसा संपतो. १८४२ मध्ये स्कॉटलंडमध्ये रॉबर्ट डेव्हिडसन याने बॅटरीवरचे इंजिन रुळांवर चालवून दाखविले, तेव्हाही हाच अडथळा आला. जस्ताचा खर्च कोळशाच्या कितीतरी पट होता. १८५९ मध्ये फ्रान्सच्या गास्तोन प्लान्ते याने शिशाच्या पत्र्यांची बॅटरी तयार केली. तिच्यात उलट दिशेने वीज सोडली की ती पुन्हा पूर्ववत होई. ‘चार्जिंग’ ही कल्पना खऱ्या अर्थाने त्या वर्षी जन्मली.

१९०० साली अमेरिकेत ज्या मोटारी तयार झाल्या त्यांत १,६८१ वाफेवरच्या, १,५७५ विजेच्या आणि केवळ ९३६ पेट्रोलच्या होत्या. विजेची मोटार आवाज करीत नसे, धूर सोडीत नसे, आणि तिला हँडल मारून सुरू करावे लागत नसे. तरीही पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ती जवळजवळ नाहीशी झाली. कारणे अनेक होती. टेक्सासमध्ये खनिज तेल सापडले, हेन्री फोर्डने मोटार स्वस्त केली, १९१२ मध्ये बटण दाबून सुरू होणारी पेट्रोलची मोटार आली. पण सर्वांत साधे कारण थांब्याचे होते. पेट्रोल पत्र्याच्या डब्यात भरून कोणत्याही खेड्यातल्या किराणा दुकानात ठेवता येत होते; वीज डब्यात भरून ठेवता येत नव्हती. त्या काळी अमेरिकेतील खेड्यांत वीजच पोहोचली नव्हती. शहराच्या वेशीवर विजेच्या मोटारीचा प्रवास संपे, जसा आमच्याकडे विजेच्या इंजिनाचा पुण्यात संपत असे.

शंभर वर्षांनंतर तीच मोटार परत आली, आणि आमच्या भागाच्या दृष्टीने नवलाची गोष्ट अशी की ती शिरूर तालुक्यातूनच बाहेर पडली. अष्टविनायकांपैकी महागणपतीचे स्थान म्हणून प्रसिद्ध असलेल्या रांजणगावाला औद्योगिक वसाहत आहे. जानेवारी २०२० मध्ये बाजारात आलेली टाटांची नेक्सॉन ईव्ही तेथील कारखान्यात बांधली गेली. आसपासच्या गावांतील कितीतरी तरुण या वसाहतीत कामाला जातात. ज्या तालुक्यातून एके काळी घोडदळ निघे, त्या तालुक्यातून आता बिनधुराच्या मोटारी निघतात. त्या मोटारींना त्याच तालुक्यात थांबे किती, आणि कोणासाठी, हा या लेखाचा पुढचा प्रश्न आहे.

त्यासाठी चार्जिंगची रीत थोडक्यात समजून घेणे इष्ट. आपल्या घरातील वीज ‘एसी’ म्हणजे दिशा बदलत राहणारी असते; बॅटरीला ‘डीसी’ म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. मोटारीच्या पोटातच एक लहान यंत्र असते, ते घरच्या विजेचे असे रूपांतर करते. एअर कंडिशनरसाठी वापरतात तसल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला सुमारे तीन युनिट वीज मिळते. पहिल्या नेक्सॉनची बॅटरी सुमारे तीस युनिटांची होती. म्हणजे ती घरी भरायला जवळजवळ सबंध रात्र हवी. रस्त्यावरचे जलद चार्जर मोठे असतात, कारण रूपांतराचे यंत्र त्यांच्याच पोटात असते. ते तीस, साठ किंवा अधिक किलोवॅटने थेट बॅटरीत वीज ओततात आणि तासाभरात बहुतेक काम उरकतात. एका युनिटवर मोटार ढोबळ मानाने सहा-सात किलोमीटर जाते.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. घोडा, वाफेचे इंजिन आणि पेट्रोलची मोटार यांचा थांबा घराबाहेर होता. विजेच्या मोटारीने थांबा घरात आणला. रात्री झोपताना प्लग लावावा, सकाळी उठून निघावे. ज्याला स्वतःचे अंगण आहे, स्वतःचा मीटर आहे, नीट अर्थिंग केलेले सॉकेट आहे, त्याला ही केवढी सोय! पण दौंडच्या चाळीत राहणाऱ्याने, शिरूरच्या जुन्या पेठेत दोन खोल्यांत राहणाऱ्याने, किंवा इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहून रस्त्याकडेला गाडी लावणाऱ्याने काय करावे? खिडकीतून वायर खाली सोडण्याचे धोकादायक प्रयोग मी पाहिले आहेत. घरातला थांबा ज्याच्या घरात मावत नाही, त्याला रस्त्यावरच्या थांब्यावर महाग दराने अवलंबून राहावे लागते. केंद्र शासनाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की मोटार चार्ज करून देणे म्हणजे विजेची विक्री नव्हे. त्याला वीज वितरणाचा परवाना लागत नाही. त्याच वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांत महामार्गांवर दर २५ किलोमीटरला एक चार्जिंग केंद्र असावे, असे उद्दिष्ट ठेवले गेले. कागदावरचा थांबा आणि रस्त्यावरचा थांबा यांत मात्र अजून अंतर आहे. ते मी स्वतः मोजले आहे.

मागल्या हिवाळ्यातील गोष्ट. संध्याकाळी दौंडला निरोप आला की शिरूरमधील एक वृद्ध बाई अत्यवस्थ आहेत आणि त्यांना आजाऱ्यांचा संस्कार हवा आहे. माझी दुचाकी दुरुस्तीला गेली होती. वर उल्लेखिलेले निवृत्त रेल्वे कर्मचारी आपल्या मुलाची विजेची मोटार घेऊन आले. आदल्या रात्री त्यांच्या भागातील वीज गेल्यामुळे ती पुरती भरली नव्हती. “फादर, वाटेत हायवेला चार्जर आहे, अर्धा तास थांबू,” ते म्हणाले. महामार्गावरील एका हॉटेलच्या आवारात तो चार्जर होताही, पण त्याच्या पडद्यावर प्रकाश नव्हता आणि हॉटेलातील पोऱ्याला त्याविषयी काही सांगता येईना. वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. आम्ही चौफुल्याहून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो. पारगावजवळ भीमा ओलांडली तेव्हा बॅटरीचा आकडा दहाच्या खाली आला होता, आणि दोन्ही बाजूंना उसाचा अंधार होता. डोक्यावरून विजेच्या तारा सोबतीला धावत होत्या. मला कोरेगावच्या नदीची आठवण तेव्हाच झाली.

शेवटी रस्त्यालगतच्या एका वस्तीवर दिवा दिसला. घरधनी पन्नाशीचे शेतकरी. अडचण सांगताच त्यांनी एकदाही “किती बिल येईल?” असे विचारले नाही. पिठाच्या चक्कीसाठी बसवलेले जाड सॉकेट त्यांनी मोकळे करून दिले. प्लग लावताच घरातील दिवे मंदावले, पंख्याचा वेग उतरला. बाई चुलीपुढून उठून बाहेर डोकावल्या आणि हसल्या. आम्हाला चहा मिळाला, आणि आग्रहाने भाकरीही. दोन तासांत सुमारे सहा युनिट मिळाले; शिरूर गाठायला तेवढे पुरेसे होते.

आम्ही बसलो असताना घरधन्यांनी बॅटरी आणि काठी काढली, कानाला मफलर गुंडाळला. “आज लाइट रात्रीची हाय, फादर. आता धा वाजता थिरी फेज येईल. उसाला पाणी धरायचंय.” त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा सोबत निघाला. एकट्याने जायचे नाही, असा घरात नियम झाला होता. कारण विचारण्याची गरज नव्हती. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांतील उसाच्या फडांत बिबट्या वस्ती करून आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात त्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचेही बळी गेले आणि लोक संतापून रस्त्यावर उतरले. शेतीपंपांना दिवसा वीज द्या, ही मागणी या भागात किती वर्षे चालू आहे! थ्री फेज वीज आठ-दहा तास, आणि पाळीपाळीने कधी दिवसा तर कधी रात्री, असा हा क्रम असतो.

त्या रात्री मी एक साधा हिशेब केला आणि तो अजून माझ्या मनातून गेलेला नाही. पाच अश्वशक्तीचा शेतीपंप तासाला सुमारे पावणेचार युनिट वीज घेतो. घरच्या सॉकेटवरची मोटार तासाला सुमारे तीन युनिट. दोघांची भूक जवळजवळ सारखीच आहे. मात्र रात्रीची वीज एकाला सोयीची वाटते, कारण तो झोपलेला असतो. तीच वीज दुसऱ्याला काठी घेऊन फडात उतरवते. तार एक, वेळ एक, आणि रात्री दोन. आपण मोटारीला ‘स्वच्छ’ म्हणतो, आणि आपल्या गल्लीपुरती ती स्वच्छ आहेही. परंतु महाराष्ट्राच्या विजेचा मोठा भाग अजून कोळशातून येतो, आणि जो भाग ज्या वेळी उरतो तो कोणाला द्यायचा, हा न्यायाचा प्रश्न आहे. पुण्यापुढे तार न नेण्याचा निर्णय जसा माणसांचा होता, तसाच हाही आहे.

पवित्र शास्त्राच्या वाचकाला प्रवासातील थांबे परके नाहीत. रानात रतामाच्या झुडपाखाली निराश होऊन पडलेल्या एलीयाला देवदूत उठवतो आणि भाकर व पाणी देतो, कारण पुढची वाट लांब आहे. दहा कुमारिकांच्या दाखल्यात दिवा सर्वांकडे आहे, तेलाची तरतूद मात्र पाच जणींकडेच. आणि ऐनवेळी तेल उसने मिळत नाही. या दाखल्यावर प्रवचन करताना मी वर्षानुवर्षे दूरदृष्टीचे महत्त्व सांगत आलो. भीमेकाठच्या त्या रात्री मी स्वतः तेल विसरलेल्यांत होतो, आणि ज्याच्या दारी गेलो त्याने मला विकणाऱ्याकडे धाडले नाही. तिसरी गोष्ट दयाळू शोमरोन्याची. त्या दाखल्यात शोमरोन्याकडे सर्वांचे लक्ष जाते; उतारशाळेचा रक्षक कोणाच्या ध्यानात राहत नाही. परंतु शोमरोनी त्याला पैसे मोजतो आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना देईन, असा शब्द देतो. थांबा चालवणाऱ्याचे श्रम फुकट गृहीत धरू नयेत, हे प्रभू येशूने किती सहज सांगून ठेवले आहे.

आम्ही निघताना पैसे पुढे केले. घरच्या बाईंनी हात मागे घेतला. “आजारी माणसाकडं चाललाय, त्येचं कसलं पैसं?” आम्ही शिरूरला वेळेत पोहोचलो, संस्कार झाला. परतीच्या वाटेवर मात्र मी अस्वस्थ होतो. पाहुणचार म्हणून त्या घराने दिले ते घेण्यात संकोच नाही. पण उद्या त्या रस्त्याने दहा मोटारी गेल्या आणि दहांनी तेच सॉकेट मागितले, तर पाहुणचाराच्या नावाखाली आपण त्या घराचे बिल वाढवीत राहू. औदार्य हे व्यवस्थेची जागा घेऊ शकत नाही. व्यवस्था नसली की औदार्य गरिबालाच महाग पडते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ या परिपत्रकातून पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकण्यास आपल्याला शिकविले. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्यासाठी विजेवर चालणारी नवी ‘पोपमोबाइल’ व्हॅटिकनमध्ये आली. पुढे एप्रिल २०२५ मध्ये ते देवाघरी गेले. त्या मोटारीची छायाचित्रे आपल्या घरोघरी कौतुकाने पाहिली गेली. कौतुकाबरोबर परिपत्रकाचा दुसरा अर्धा भागही आपण वाचला पाहिजे.

याच विचाराने मी धर्मग्राम परिषदेपुढे प्रस्ताव ठेवला : चर्चच्या आवारात, फाटकाजवळ, एक योग्य अर्थिंगचे सॉकेट व त्याला स्वतंत्र उपमीटर बसवावा, ज्यांच्या घरी सोय नाही अशा कोणालाही, मग तो कोणत्याही धर्माचा असो, विजेच्या खर्चाइतकेच पैसे घेऊन ते वापरू द्यावे, आणि शक्यतो दिवसा. दिवसाच का, हेही सांगितले. सूर्यापासून मिळणारी वीज दिवसा मुबलक होऊ लागली आहे, आणि चर्चच्या छपरावर उद्या सौर तावदाने बसवली तर तीही दिवसाच कामाला येतील. एका सदस्याने रोखठोक विचारले, “फादर, चर्चच्या आवाराचा पेट्रोल पंप करायचा का?” प्रश्न रास्त होता. मी त्यांना आपल्याच आवारातील जुन्या विहिरीची आठवण दिली. तिचे पाणी नळ येईपर्यंत सारी आळी भरीत असे, आणि त्यामुळे चर्चची पाणपोई झाली, अशी तक्रार तेव्हा कोणी केली नव्हती. चर्चा लांबली. खर्च, विमा, रात्री आवार उघडे ठेवण्याची जोखीम, असे सर्व मुद्दे निघाले. अखेर एक वर्ष करून पाहावे असे ठरले. सॉकेट बसले आहे. आजवर त्याचा सर्वाधिक उपयोग भाजी वाहणाऱ्या एका विजेच्या तीनचाकीला झाला. तिचा मालक चाळीत राहतो.

शेतीला दिवसा वीज देण्यासाठी राज्य शासनाची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला. कित्येक गावांत तिचा लाभ पोहोचला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. त्या वस्तीवर मी अलीकडे पुन्हा गेलो, या वेळी बसने आणि दिवसाउजेडी. सोबत त्या रात्रीच्या सहा युनिटांचे पैसे एका पाकिटात घालून नेले होते आणि मुलाच्या पुस्तकांसाठी म्हणून ते बाईंच्या हाती दिले. त्यांनी ते घेतले. घरधनी ओट्यावर झोपले होते. दुपारचे दोन वाजले होते. मी चौकशी केली तेव्हा मुलगा म्हणाला, “दादांना उठवत नाही, फादर. या आठवड्यात लाइट रात्रीचीच आहे.”